सात नंबरचा चिमटा

गाद्यांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला लोक बिनडोक समजतात. समजोत बापडे! दिवसभर माझ्यासमोर माणसं आडवी होतात, कुशीवर वळतात, डोळे मिटून "जरा कडक दाखवा" म्हणतात, आणि मी त्यांच्या पाठीकडे नुसतं बघून कुठली गादी विकली जाणार ते ओळखतो. हे काय डोक्याशिवाय होतं? तेव्हा एखादं छोटं यंत्र बनवणं, तेही चार हौशी लोकांना दाखवण्यापुरतं, मला जड जाणार नव्हतं. निदान सुरुवातीला माझी तशी पक्की खात्री होती.

यंत्र कशाला, ते आधी सांगतो. माझी बायको कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचे दात घासून, रंग जुळवून, हिरड्यांना आकार देऊन ती घरी येते. मागच्या वर्षी लॅबमधलं पॉलिशचं यंत्र बिघडलं, म्हणून कुणीतरी तिला एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीचा पत्ता दिला. तिथे शनिवारी संध्याकाळी घरच्या घरी रोबो आणि इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करणारी मंडळी जमतात. ना अध्यक्ष, ना भाषण, ना हजेरी. ज्याने जे बनवलंय ते टेबलावर ठेवायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. न चालणारं यंत्र आणलं तर जास्तच कौतुक, कारण त्यावर बोलायला जास्त मिळतं. बायको पॉलिशचं यंत्र घेऊन गेली आणि तिथलीच झाली.

माझी काही तक्रार नव्हती. पण एका शनिवारी ती फोन घरी विसरली आणि मी तो द्यायला गेलो. जिना चढता चढता थांबलो. आत बायको बोलत होती. आवाज तिचाच होता, पण तो मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "नाही नाही, ऐका तर, मग तिने काय केलं, गर्रकन वळली आणि सरळ माझ्या चपलेला चावली," असं काहीतरी ती सांगत होती आणि मध्येच हसू आवरत नसल्यामुळे वाक्य अर्धवट टाकत होती. लग्नानंतरची काही वर्षं ती मला असंच सगळं सांगायची. लॅबमधलं, बसमधलं, शेजारणीचं. पलंगाच्या कडेवर बसून, वेणी अर्धी सोडून. वेणी तशीच राहायची आणि गोष्ट संपायची नाही.

आता आमच्यात "दूध आलं का" आणि "गिझर बंद केला का" एवढंच उरलंय. भांडण म्हणाल तर अजिबात नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. त्या जिन्यात उभं राहून मला माझ्याच बायकोची आठवण आली. ती भिंतीपलीकडे होती आणि मला तिची आठवण येत होती. दार उघडणाऱ्याच्या हातात फोन दिला आणि खाली उतरलो.

घरी आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चपलेला काय चावलं गं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जिन्यात ऐकलं."

"ते होय. यंत्राचं आहे ते. तुम्हाला कंटाळा येईल."

"मी येऊ का एकदा तिकडे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या लॅबमध्ये दात काढून घ्यायला आलो होतो. "तुम्ही? कंटाळाल हो. आणि तिथे काहीतरी बनवून नेलेलं बरं असतं."

झालं! हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. काहीतरी बनवून न्यायचं. तिला न सांगता. सगळ्यांसमोर माझं यंत्र चालेल, बायको आ वासून बघेल, आणि मग त्या आवाजात मला विचारेल, "अहो, हे कसं केलंत?" मला बाकी काही नको होतं. तो एक प्रश्न हवा होता.

माणसाने आपल्या धंद्यातलं करावं, म्हणून मी सरकती उशी करायचं ठरवलं. आपण आडवे झालो, उशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, उठायचा कंटाळा आलाय. रिमोटचं बटण दाबलं की उशी आपण होऊन आपल्याकडे येणार. सांगा, जगाला याहून जास्त गरज कशाची आहे? खेळण्यातली एक गाडी आणली, तिचं वरचं टप काढून टाकलं, आणि उशीच्या पोटात बसवली. गाडीबरोबर आलेला रिमोट पहिल्याच दिवशी मेला. पण बायकोच्या सामानाच्या खणात तळाशी, फडक्यात गुंडाळलेला एक रिमोट आणि त्याचा रिसीव्हर पडलेला होता. वापरात नसलेला दिसला. घेतला.

काम दुकानाच्या गोदामात चालायचं, गाद्यांच्या थप्पीमागे. तारा जोडायला सोल्डर गन घेतली. कशी वापरायची ते फोनवर व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओतला माणूस गादीवर बसून सोल्डर करू नका असं म्हणाला नव्हता, त्यामुळे एका गादीला भोक पडलं. ते मी भिंतीकडे करून ठेवलं.

उशी तयार झाली त्याच दिवशी मालक गोदामात आले, चांगली गुबगुबीत उशी दिसली म्हणून उचलून शोरूममधल्या पलंगावर ठेवून गेले. मला पत्ताच नाही. एक आजी आल्या, आडव्या झाल्या, डोळे मिटले. मी काउंटरला टेकलो. रिमोट माझ्या खिशात होता.

आजींच्या डोक्याखालून उशी निघाली, पलंगाच्या टोकापर्यंत गेली आणि खाली उडी मारून दाराकडे चालू लागली.

आजी शांतपणे उठून बसल्या. "उशी गेली," त्या म्हणाल्या.

"ती... ती जरा नवीन प्रकारची आहे," मी म्हणालो.

"मला जुन्या प्रकारची दाखवा. थांबणारी."

मालकांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं नोकरी गेली. पण ते एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक जाऊ दे, उशी रस्त्यावर जायच्या आत पकड."

इकडे घरी वेगळाच घोळ झाला. मी उशिरा यायचो आणि अंगाला जळका वास यायचा. एका संध्याकाळी बायकोने माझा शर्ट हुंगला. "तुम्ही सिगारेट ओढायला लागलात का?"

आता खरं सांगावं तर सगळी गंमत जाणार. मी खाली मान घालून म्हणालो, "हो."

मला वाटलं आता ती चिडेल, चार शब्द सुनावेल, बोलणं तरी होईल. तिने शर्ट बादलीत भिजत घातला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत एक तडा गेलेली बशी ठेवलेली दिसली. राख झाडायला! मी बराच वेळ त्या बशीकडे बघत उभा राहिलो. ती भांडलीसुद्धा नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मग बशी रिकामी राहिली तर संशय येईल म्हणून मी उदबत्तीची राख टाकू लागलो. सिगारेट न ओढता सिगारेटचं व्यसन सांभाळणारा दुसरा माणूस असेल असं मला वाटत नाही.

शेवटी तो शनिवार आला. बायको आधी निघाली, तिच्या यंत्राचा खोका उराशी धरून. मी मागून, उशी उराशी धरून. रस्त्यात लोक बघत होते. बघू देत.

खोलीच्या भिंतींवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते होते, 'वळण', 'पुढे शाळा', 'भोंगा वाजवू नये', आणि त्यांच्या खाली टेबलांवर तारांचा पसारा. दाराशी एका दोरीवर कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे लावलेले होते, प्रत्येकावर एक आकडा. येणारा प्रत्येक जण त्यातला एक काढून छातीवर लावत होता. मी ओळखलं, हा इथला बिल्ला. मला पिवळा रंग आवडतो. मी पिवळा घेतला, चार नंबरचा, आणि ऐटीत खिशाला लावला.

तो चिमटा म्हणजे काय, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. इथले बहुतेक रिमोट स्वस्तातले, नंबरावर चालणारे. एकाच नंबराचे दोन रिमोट एका वेळी चालू झाले की एकाचं बटण दुसऱ्याचं यंत्र हलवतं. म्हणून नियम असा, की आपल्या रिमोटचा नंबर बघायचा, त्या नंबरचा चिमटा घ्यायचा, आणि चिमटा हातात असेल तरच रिमोट चालू करायचा. चिमटा नसेल तर गप्प बसायचं. माझ्या रिमोटवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात सात लिहिलेलं होतं. मागच्या बाजूला कोण बघतं?

"अहो?" बायको म्हणाली. तिच्या छातीवर निळा चिमटा होता. "तुम्ही इथे? उशी घेऊन?"

"आलो सहज," मी म्हणालो.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, म्हणजे या खोलीचे मालक, पुढे आले. "पाहुणे आहेत वाटतं. बसा. आडवे झालात तरी चालेल."

मी मागच्या खुर्चीत बसलो, उशी पायाशी ठेवली. माझा बेत ठरलेला होता. बायकोचं यंत्र दाखवून झालं, टाळ्या पडल्या, की त्या टाळ्यांमध्ये उशी हळूच सरकत जाऊन तिच्या पायाशी थांबणार.

बायकोने खोका उघडला. तिच्या यंत्राचं नाव चावरी. चार चाकांची गाडी, तिच्यावर एक लांब हात, आणि हाताच्या टोकाला पकड म्हणून, काय सांगू, अख्खी कवळी! वरचे दात, खालचे दात, गुलाबी हिरड्या. लॅबमध्ये नापास झालेली एक कवळी तिने आणली होती आणि आतून मऊ रबर लावलं होतं. आज चावरी टेबलावरचा काचेचा बल्ब दातांत धरून, न फोडता, टेबलांना लावलेल्या उतरणीच्या फळ्यांवरून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवणार होती. बल्ब आतापर्यंत कुणाच्याच यंत्राला जमला नव्हता. त्या मंडळींतल्या एक भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, "माझ्या यंत्राने एवढे बल्ब फोडलेत की घरी अंधार झालाय." त्यांचं झाडांना पाणी घालणारं यंत्र शेजारच्या टेबलावर भरलेल्या बादलीसकट उभं होतं.

बायकोने रिमोट हातात घेतला. चावरीने तोंड उघडलं, बल्बाभोवती दात मिटले, आणि बल्ब उचलला. बायकोच्या कपाळावर घाम होता आणि जीभ जराशी बाहेर आलेली, जशी ती लग्नाच्या वर्षी सुईत दोरा ओवताना यायची. मी बल्बाकडे बघतच नव्हतो. हे सगळं दर शनिवारी इथे घडतं, आणि आपण घरी बसून गिझर बंद करतो, असं माझ्या मनात आलं.

वेळ जवळ आली होती. मी वाकून उशीचं बटण सुरू केलं.

उशी ताबडतोब निघाली! मी रिमोटला हात लावला नव्हता. बायकोने चावरीला पुढे नेलं की उशी पुढे, बायकोने डावीकडे वळवलं की उशी डावीकडे. मला कळेना हिच्या अंगात काय आलंय. उशी टेबलाखाली शिरताना बघून मी घाबरलो आणि तिला थांबवायला खिशातला रिमोट काढून मागे जायचं बटण दाबलं.

चावरी बल्बासकट गर्रकन मागे फिरली.

"अगं अगं," बायको म्हणाली आणि तिने पुढचं बटण दाबलं. मी मागचं. चावरी जागच्या जागी थरथरू लागली. मी घाईत भलतंच बटण दाबलं. चावरीने तोंड उघडलं. बल्ब फरशीवर पडून फुटला, त्याचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला असेल.

इथे शहाण्या माणसाने रिमोट खाली ठेवला असता. मी सगळी बटणं एकदम दाबली. चावरी टेबलावरून उतरणीच्या फळीवर आली, फळीवरून जमिनीवर, आणि मास्तरांच्या पँटला पोटरीपाशी चावली. आणि सोडेना. मास्तरांनी आयुष्यभर शिकाऊ लोकांना ब्रेक कुठे आहे ते सांगितलं, पण आता एका पायावर नाचत तेच विचारत होते, "हिचा ब्रेक कुठे आहे?" तिकडे उशी डॉक्टरीणबाईंच्या यंत्राच्या नळीत अडकली आणि नळी ओढत पुढे गेली. बादली कलंडली. खोलीभर पाणी! त्यात कुणीतरी पाय घसरून बसलं, कुणीतरी टेबलावर चढलं, आणि मी "घाबरू नका, ती आमचीच आहे," असं म्हणत टेबलाखाली शिरलो.

टेबलाखाली मी उशीची एक बाजू पकडली. त्याच वेळी चावरीने मास्तरांना सोडलं आणि उशीची दुसरी बाजू धरली. मी ओढली, चावरीने ओढली. कवळी बायकोने बनवलेली, ती कशी सुटेल? शेवटी उशीच फाटली आणि सगळा कापूस पाण्यावर पसरला.

"सातचा चिमटा कुणाकडे आहे?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्याकडे," बायको म्हणाली आणि निळा चिमटा दाखवला.

"मग सातवर दुसरं कोण आहे?"

सगळ्यांनी एकमेकांच्या छातीकडे पाहिलं. मी टेबलाखालून बाहेर आलो. डोक्यात कापूस, हातात रिमोट. "माझा चार आहे," मी पिवळा चिमटा पुढे करून सांगितलं. मला खरंच वाटलं की मी सुटलो.

बायकोने माझ्या हातातला रिमोट घेतला आणि उलटा करून बघितला. "हा चावरीचा बदली रिमोट. माझ्या खणातला."

"पडलेला होता..."

"आणि हा वास? दुकानातून येताना रोज यायचा तो?"

"सोल्डरचा," मी म्हणालो. "सिगारेट नाही. कधीच नव्हती."

"मग बशीत राख कसली?"

"उदबत्तीची."

मी तोच प्रश्न ऐकायला आलो होतो, हे कसं केलंत, आणि तिच्या तोंडावर एकही प्रश्न नव्हता. ती वाकली आणि फुटलेल्या बल्बाच्या काचा गोळा करायला लागली. इतक्या दिवसांची तिची मेहनत. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या, हाताला लागेल." बाकीची मंडळी भली होती. कुणी कापूस पिळत होतं, कुणी उशीतली गाडी उलटी करून मोटर बघत होतं, "वजन पेलतं का हो हिला?" असं मला विचारतही होतं. मी काहीतरी उत्तरं दिली. मला त्यांच्या प्रश्नांचं काय करायचं होतं?

घरी येताना आम्ही बोललो नाही. ती खोका घेऊन पुढे, मी फाटकी ओली उशी घेऊन मागे, तिच्यातलं पाणी माझ्या चपलेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जे थोडंफार बोलणं होतं, दुधाचं आणि गिझरचं, तेही आता गेलं असं मी धरून चाललो होतो. गिझरची मला तेव्हा फार किंमत वाटली.

जेवणंसुद्धा गप्पच झाली. मी भांडी घासायला घेतली, कारण भांड्यांचा तरी आवाज होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. डॉक्टरीणबाईंचा होता. बायको बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. आधी नुसतं "हो", "नाही, लागलं नाही", "बल्ब काय, परत करू" असं चाललं होतं. मग ती थांबली. मग हळूच काहीतरी म्हणाली. आणि मग एकदम तिला हसू फुटलं.

"नाही हो, ऐका तर! रोज शर्टाला जळका वास, आणि मी विचारलं तर हा माणूस चक्क हो म्हणाला. उदबत्ती, डॉक्टर, उदबत्ती! गॅलरीत उभे राहून उदबत्तीची राख झाडायचे... थांबा, मला श्वास घेऊ द्या..."

मी नळ बंद केला. तोच आवाज होता. अर्धी वाक्यं, मध्येच हसू, परत पहिल्यापासून. फक्त या वेळी गोष्ट माझी होती. मला सांगत नव्हती, माझ्याबद्दल सांगत होती. दुधाची तहान ताकावर, पण मी ते ताक हात ओला तसाच धरून दाराआडून पीत उभा राहिलो.

"अहो," तिने तिथूनच हाक मारली, "टेबलाखाली शिरताना तुम्ही काय म्हणालात?"

"घाबरू नका, ती आमचीच आहे," मी सांगितलं.

"ऐकलंत? आमचीच आहे म्हणे!" ती फोनमध्ये म्हणाली आणि पुन्हा हसू. मला वाटलं अजून काहीतरी विचारावं. मी सगळं सांगितलं असतं, आजींचं, मालकांचं, भिंतीकडे करून ठेवलेल्या गादीचंसुद्धा. मी दारातून थोडा पुढे सरकलो.

"मग पुढच्या शनिवारी येताय ना?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. इतक्या मोठ्याने, की माझं मलाच दचकायला झालं.

तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला नाही हो. डॉक्टरांना विचारतेय."

"हां हां," मी म्हणालो आणि हात पुसू लागलो. कोरडे झालेले हात मी पुन्हा पुसले.

ती अजून माझ्याकडेच बघत होती. मग तिने फोनवरचा हात काढला. "नाही, काही नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "हे मध्येच म्हणतायत, मीही येतो."

पलीकडून डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. पण बायको त्यावर 'नको' म्हणाली नाही. मी नीट कान देऊन ऐकत होतो.